आत्यांचा उपास

“उचल ते ताट. उपास हाय माझा,” आत्या म्हणाल्या आणि त्यांनी ताट दोन्ही हातांनी माझ्याकडं ढकललं. वाटी कलंडली. वरणाचा ओघळ फरशीवरून थेट देवघराकडं, नुकत्याच बसवलेल्या घटाच्या दिशेनं निघाला.

मी फडकं घेऊन त्याच्या मागं धावले. तेवढ्यात शेजारच्या झुंबरबाई फुलं द्यायला म्हणून दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

“माला, म्हातारी काय म्हणाली गं?”

“उपास आहे म्हणाल्या.”

“आन् तिला कुणी सांगितलं, नवरात्र बसलंय म्हणून?”

“कुणी नाही.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पद्मिनबाई. आमच्या बार्शीकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. त्यांना विसरायला व्हायला लागून तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं, गल्लीनं वय झालं म्हटलं आणि मी काहीच न म्हणता कामाला लागले. कारण नाव काहीही दिलं तरी सकाळी अंघोळ मलाच घालायची होती. आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, नवरा जिवंत आहे की नाही, हे सगळं त्यांच्याकडून निसटलं होतं. मी कधी सून असायचे, कधी त्यांची थोरली बहीण आक्का, तर कधी ‘ती दवाखान्यातली बाई’. मी आक्का असले की दिवस बरा जायचा. आक्काचं त्या ऐकायच्या.

नवरात्राचे नऊ उपास आत्या लग्न होऊन आल्यापासून धरत आलेल्या. पुढं बीपीच्या गोळ्या लागल्या तेव्हा डॉक्टरांनी ते बंद केले आणि आजार आल्यावर तर नवरात्र आलं काय नि गेलं काय, त्यांच्या गावीही नसायचं. आणि यंदा अचानक हे.

झुंबरबाईंनी चप्पल काढली, पुढं झाल्या आणि आत्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. “सगळं इसरली, पण आईला न्हाई इसरली,” त्या मला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगू, माझेही आले.

आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, “गॅस बंद केला का?”

हे वाक्य दिवसातून दहा वेळा आम्ही त्यांना म्हणायचो, म्हणून त्या तेच दुसऱ्याला म्हणायच्या. पण झुंबरबाई घरी गेल्या तर त्यांच्याकडं खरोखर दूध गॅसवर राहिलेलं आणि उतू जायच्या बेतात आलेलं. झालं! संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. पद्मिनबाईंच्या अंगात देवी बोलते. दुसऱ्या दिवसापासून बायका ओटी घेऊन यायला लागल्या. आत्या प्रत्येकीला गॅसचंच विचारायच्या आणि बाया बिचाऱ्या त्यातून अर्थ काढायच्या. एकीनं तर नवीन सिलिंडर घ्यायचा बेतच पुढं ढकलला.

आमचे हे विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या आपल्या दुकानातून जेवायला आले की दारातल्या चपला बघून म्हणायचे, “आज दर्शनाला रांग आहे का? मला मागच्या दारानं सोडशील?”

मीही हौसेनं उपासाचं करायला लागले. आत्यांना आवडायची तशी शेंगदाण्याचा भरपूर कूट आणि हिरवी मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी केली. भगर आणि दाण्याची आमटी केली. पहिला घास मी माझ्या हातानं भरवला. आत्यांनी तो तोंडात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग घास हळूच पदरात काढून ठेवला.

“बघ की,” झुंबरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “भक्तीचं पाणी हाय ते. आईला दाखवल्याबिगर खात न्हाई म्हातारी.”

मी तो घास उचलून घटापुढं ठेवला. आज आठवलं की माझ्याच कपाळाला हात लावावासा वाटतो.

कोमट दूध मात्र त्या घ्यायच्या. साखर घातलेलं, फार गरम नाही, फार गार नाही. कधी केळ्याचा एखादा मऊ तुकडा. नऊ दिवसांत एवढंच. आम्ही म्हणत होतो, दसऱ्याला उपास सुटेल. मिश्रीही त्यांनी आपणहून सोडली होती. आयुष्यभर सकाळी उठल्याबरोबर बोटानं दातांना तंबाखूची मिश्री लावणारी बाई, डबी पुढं केली तर तोंड फिरवायला लागली. डॉक्टर वीस वर्षं ओरडत होते तेव्हा सुटली नाही ती आता सुटली. हे म्हणाले, “आजारानं एक तरी काम चांगलं केलं.” रात्री त्या डावा गाल तळहातावर ठेवून लहान मुलासारख्या झोपायच्या. त्याचंही आम्हाला कौतुक.

दसऱ्याला मी पुरणपोळ्या केल्या. घट उठले, आपट्याची पानं वाटून झाली, सगळे पंगतीला बसले. पोळीवर तुपाची धार धरून मी ताट आत्यांपुढं ठेवलं.

“आत्या, उपास सुटला बरं का. खा आता.”

आत्यांनी पोळीकडं बघितलं. बघत राहिल्या. खायची इच्छा त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. एक बोट तुपात बुडवून त्यांनी चाटलंही. मग ताट सरकवलं.

“न्हाई गं. उपास हाय माझा.”

त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्या उपासाची भीती वाटली.

कोजागिरी आली आणि गेली. उपास सुटत नव्हता. पाया पडणाऱ्या बायका कमी झाल्या. भक्तीलाही दसऱ्यापर्यंतचीच सोय असते. आत्यांच्या हातातल्या बांगड्या आधी मनगटावर घट्ट बसायच्या, त्या आता हात वर केला की कोपरापर्यंत घसरायला लागल्या. चोळी खांद्यावरून उतरायला लागली. तोंड धुवायला गेलं की त्या माझा हात फटकन झटकायच्या. एकदा तर मला चापट मारली आणि लगेच विचारलं, “आक्का, तुला लागलं का?”

डॉक्टर नाईकनवरे आमचे जुने, घरचे डॉक्टर. त्यांनी घरी येऊन तपासलं. लघवी तपासली, रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं. तोंडात बॅटरी मारायला गेले तर आत्यांनी ओठ असे मिटले की चमचासुद्धा जाईना. जबरदस्ती केली तेव्हा डॉक्टरांच्या बोटाला चावल्या.

“दातांत जोर आहे अजून,” डॉक्टर बोट झटकत हसले. मग अंगणात येऊन गंभीर झाले. “हे बघा, या आजारात पुढं पुढं माणूस चावायचं आणि गिळायचं विसरतं. तो टप्पा आला असेल तर आपल्या हातात फार नसतं. अजून आठवडाभर बघू. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून दूध, सूप द्यावं लागेल.”

“त्या नळी ठेवतील का नाकात?” मी विचारलं.

“ओढून काढतात बरेच जण. मग थोडे दिवस हात बांधून ठेवावे लागतात.”

हात बांधायचं नाव काढलं आणि मला दवाखाना आठवला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जुलाब होऊन आत्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. सलाईन ओढून काढतात म्हणून नर्सनं पट्टीनं त्यांचे दोन्ही हात कॉटला बांधले. आत्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बराच वेळ आपल्या हातांकडं बघत राहिल्या आणि मग मला जवळ बोलावून अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “बाई, मी काय चोरलं?”

ते मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. काहीही झालं तरी नव्हतं.

मग आठवडाभर मी जे जे सुचेल ते केलं. गोड केलं, तिखट केलं, त्यांच्या माहेरची म्हणून दाण्याची चटणी कुटली. मी स्वतः समोर बसून मिटक्या मारत जेवून दाखवलं. त्याचा परिणाम एवढाच की माझं वजन वाढलं. आत्या कौतुकानं माझ्याकडं बघायच्या, ‘खा, खा’ म्हणायच्या आणि स्वतःचं ताट यायची वेळ आली की तेच, उपास हाय.

आठवडा संपायच्या आत कलाताई लातूरहून आल्या. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळं घरात आल्या की घराचाही वर्ग होतो. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी आईचा हात हातात घेतला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. कलाताई ह्यांच्याकडं वळल्या.

“महारुद्र, हे काय करून ठेवलंत? माझी आई उपाशी मरायला लागलीय आणि तुम्ही गल्लीला पाया पडायला बोलवायला लागलात?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. नवरा मदतीला येणार नाही हे घड्याळ बघण्यावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, पानं वाढून झाली होती. आत्या बाहेरच्या कॉटवर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. कलाताईंनी घास हातात घेतला आणि परत ठेवला.

“मी ठरवलंय. उद्या गाडी करून आईला लातूरला नेते. तिथं ओळखीचं हॉस्पिटल आहे. नळी घालून घेऊ आणि पुढं माझ्याकडंच राहू दे.”

“कलाताई, नळी घातली की हात बांधतात,” मी म्हणाले.

“मग काय उपाशी ठेवायचं?”

“तसं नाही. अजून दोन-चार दिवस मी…”

“माला,” त्यांनी माझं बोलणं मधेच तोडलं. आवाज चढवला नाही, उलट मऊ केला. “तुझ्यानं आता होत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही गं.”

रागावून बोलल्या असत्या तर मी दोन शब्द परत दिले असते. जीभ काही माझी लहान नाही. पण त्या मायेनं बोलल्या आणि तेच लागलं. तीन वर्षं अंघोळी घातल्या, अंथरुणं धुतली, रोज नव्यानं ओळख करून दिली. ‘होत नाही’ हा शब्द त्या सगळ्यावर पडला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटातली चटणी भाकरीला लावत होते, लावतच होते.

मी उठले. “तुम्ही जेवा. मला नको. उपास आहे माझा.”

“बुधवारचा?” ह्यांनी मान वर केली.

“धरलाय.”

पुढं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं बाईनं उपास म्हटलं की विषय संपतो. देवाच्या कामात आडवं कोण येणार? मी स्वयंपाकघरात गेले आणि आधीच घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. नळ मोठा सोडला म्हणजे बाहेर काही ऐकू जात नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मागं पाय घासत चालल्याचा आवाज आला. आत्या भिंत धरत धरत आत आल्या होत्या. एरवी त्या स्वयंपाकघरात आपणहून येत नसत. त्यांना आता ते कुणा दुसऱ्याचं घर वाटायचं. त्या माझ्याजवळ आल्या, पुढं वाकून त्यांनी नळ बंद केला आणि माझा चेहरा हनुवटीला धरून स्वतःकडं वळवला.

“काय दुखायलंय तुझं?”

“काही नाही, आत्या.”

“मग उपास कशाचा?”

“असाच. देवाचा.”

आत्या हसल्या. किती महिन्यांनी हसल्या होत्या! जुन्या आत्या हसायच्या तसं, नाकपुड्या फुगवून, माझी लबाडी पकडल्यावर हसायच्या तसं.

“कुणापुढं सांगतीस? मी काय कमी उपास केलेत? मालक ताटावर बोलले की माझी एकादस. पोटात दुखलं की चतुर्थी. सासूला काय सांगायचं, हे दुखतंय, ते दुखतंय? उपास हाय म्हणायचं आन् निजायचं. कुणी काय इचारत न्हाई.” त्यांनी माझा ओला हात धरला. “सांग मला. कुठं दुखायलंय?”

मी रडायच्या बेतात होते. कुठं दुखतंय म्हणून सांगणार? पण रडू फुटायच्या आधीच त्यांचं बोलणं डोक्यात फिरलं आणि मी थबकले.

“आत्या,” मी म्हणाले. “तुमचाही उपास आहे ना?”

“हाय की.”

“मग तुमचं कुठं दुखतंय?”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मेलेल्या सासूच्या कानावर जाऊ नये म्हणून असेल. मग माझं बोट धरलं आणि सावकाश आपल्या डाव्या गालाजवळ नेलं. गालाला टेकू दिलं नाही. एवढंसं अंतर राहिलं तेव्हा थांबवलं आणि डोळे मिटून घेतले.

“हितं,” त्या म्हणाल्या. “लई दुखतंय गं आक्का. कुणाला सांगू नको.”

मी मागं वळले तर दारात कलाताई उभ्या होत्या. खरकटा हात तसाच, अर्धवट उचललेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं आली. मिश्रीची डबी, तळहातावरचा गाल, खिचडीच्या घासाला आलेलं पाणी… आणि मी तो घास देवीपुढं ठेवला होता!

“दाताच्या डॉक्टरीणबाई कितीला येतात?” कलाताईंनी विचारलं.

“पाचला.”

“महारुद्र!” त्यांनी अशी हाक मारली की ह्यांच्या हातून तांब्या पडला. “ऊठ. रिक्षा बघ.”

आता खरी पंचाईत पुढं होती. डॉक्टर नाईकनवऱ्यांसारख्या मुरलेल्या माणसाला तोंड उघडून दाखवलं नाही, ते ह्या नव्या मुलीला दाखवणार होत्या? पण रिक्षात बसल्यापासून आत्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. वळणावर रिक्षा हिंदकळली की म्हणायच्या, “भिऊ नको. मी हाय सोबत.” तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या लेखी आजारी मी होते. उपास माझा होता, दुखणं माझं होतं आणि त्या मला दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या.

मी कलाताईंच्या कानात सांगितलं. त्यांनी पुढं जाऊन डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगितलं. लोंढे नाव त्यांचं, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, “या, बसा खुर्चीत. काय त्रास होतोय तुम्हाला?”

मी खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं. आत्या शेजारी उभ्या राहून माझ्या कपाळावरून हात फिरवत होत्या. “उघड, मोठं उघड. काय होत न्हाई. बाई चांगली हाय.” लोंढेबाईंनी आरसा आत घालून दातांवर टकटक केलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “तुमची मागची दाढ खरंच किडलीय. पुढच्या आठवड्यात या.”

नाटक करायला गेले आणि दाढ गमावून बसले. कलाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या हसतायत की रडतायत ते मला नीट कळलं नाही.

“आता तुम्ही दाखवता का हिला, कसं धीरानं बसायचं ते?” लोंढेबाईंनी आत्यांना विचारलं.

“दाखवते की. ही लहानपणापासनं भित्री.”

आत्या खुर्चीत बसल्या. माझा हात सोडला नाही. डोळे माझ्यावर ठेवले आणि मला धीर द्यायला म्हणून तोंड उघडलं. मोठं उघडलं. लोंढेबाई वाकल्या. त्यांनी आरसा उजव्या बाजूनं हळूच आत नेला आणि सगळं नीट बघून घेतलं. आत्यांची बोटं माझ्या हातात रुतत होती, पण तोंड मिटलं नाही.

“झालं, आजी. शाबास,” त्या म्हणाल्या. मग आम्हाला बाजूला घेतलं. डाव्या बाजूची दाढ अर्धी तुटली होती. तिची धारदार कड जिभेला लागून लागून तिथं जखम पडली होती आणि खाली हिरडीत पू झाला होता. “मिश्रीचं सांगितलंत म्हणून नीट बघितलं. दाढ काढल्यावर ही जखम भरते की नाही ते पुन्हा बघू, पण आज तरी मला घाबरण्यासारखं दिसत नाही. आधी पू कमी व्हायची औषधं देते, बीपीच्या डॉक्टरांना विचारून मग दाढ काढू. किती दिवस दुखत असेल, काय माहीत. मी असते तर ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं.”

“पण त्या काहीच बोलल्या नाहीत,” हे म्हणाले. ते दाराशी उभे होते.

“त्यांना दुखतं ते तुमच्या-माझ्याइतकंच दुखतं,” लोंढेबाई म्हणाल्या. “फक्त कुठं दुखतंय ते सांगायला जमत नाही.”

पण आत्यांनी सांगितलं होतं. नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून रोज, दोन्ही वेळेला, ताट पुढं आलं की सांगत होत्या. ज्या बोलीत सांगत होत्या ती माझीही बोली होती, आणि मला तिचा अर्थ त्यांनीच समजावून द्यावा लागला.

नळीचं नाव पुन्हा निघालं नाही. डॉक्टर नाईकनवऱ्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “मला चावल्या तेव्हाच मी समजायला हवं होतं.” पुढच्या आठवड्यात दाढ काढली, दोन आठवड्यांनी जखम भरून आली. त्यानंतर आत्या आणखी चारेक वर्षं होत्या. आजार त्याच्या वाटेनं पुढं जात राहिला, मी कुणीच उरले नाही, आक्कासुद्धा नाही. पण रोज सकाळी मी आधी माझं तोंड उघडायचे, मग त्या त्यांचं उघडायच्या आणि मी बोटाला फडकं गुंडाळून हिरड्या पुसायचे. हे शेवटपर्यंत चाललं. हात त्यांचे पुन्हा कुणी बांधले नाहीत.

पण मला सांगायचंय ते औषधं सुरू झाल्यानंतरच्या दुपारचं. दुसरा किंवा तिसरा दिवस असेल. हिरडीची सूज उतरली होती. कलाताई लातूरला गेल्या नव्हत्या, शाळेतून रजा वाढवून घेतली होती. आम्ही दोघी कामापुरतं बोलत होतो. त्यांनी स्वतः चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभं राहून ज्वारीच्या कण्या शिजवल्या, चांगल्या मऊ, त्यात ताक घातलं, मिरची अजिबात नाही. वाटी आत्यांपुढं ठेवली आणि आम्ही सगळे भोवती बसलो. हे दुकानात जायचं सोडून उंबऱ्यात बसले होते.

आत्यांनी वाटीत बघितलं. चमचा उचलला. कण्या तोंडात घेतल्या, उजव्या बाजूला सारल्या, घोळवल्या आणि गिळल्या. मग दुसरा चमचा. मग तिसरा. कुणी बोललं तर मोडेल म्हणून कुणी बोलत नव्हतं. अर्धी वाटी संपली तेव्हा त्या थांबल्या.

त्यांनी वाटी माझ्याकडं सरकवली आणि लेकीला म्हणाल्या, “हिला वाढ आधी. हिचा उपास हाय.”

मी त्या बुधवारी रात्रीच जेवले होते. पण आत्यांना आपलं गाव, आपलं वय, आपली लेक, काही आठवत नसताना माझा उपास तेवढा लक्षात राहिला होता.

कलाताईंचा डाव हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग डाव पातेल्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या, मुख्याध्यापिकाबाई, खाली फरशीवर, मांडी घालून.

“माला,” त्यांनी विचारलं, “कुठं दुखलं गं?”

सांगायला पुष्कळ होतं. पण तोंडात आलं ते सवयीचंच.

“काही नाही, कलाताई. वाढा तुम्ही.”

आत्यांनी वाटी परत आपल्याकडं ओढली, एक चमचा तोंडात भरला आणि भरल्या तोंडानं लेकीला म्हणाल्या, “खोटं बोलायलीय. परत इचार.”